वाचकांचे प्रश्न : घाट चढलो, पण उतरलो कधी?

मंडळी, मागच्या अंकात सह्याद्रीतल्या घाटवाटांवर लिहिताना शेवटी एक ओळ टाकली होती की कधीतरी बालाघाटावर, म्हणजे सह्याद्रीतून फुटून नगर, बीड, धाराशिवकडे जाणाऱ्या डोंगररांगेवर पण बोलू. त्या एका ओळीवर एवढे प्रश्न आले की हा अख्खा अंक त्यालाच द्यायचं ठरवलं. बीड, बार्शी, धाराशिव, लातूर, पाथर्डी, पारनेर, सगळीकडून आलेत, दोन-चार तर पुण्यात राहणाऱ्या पण गाव तिकडचं असणाऱ्या मंडळींचे आहेत. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं गाळलीत, आणि ज्याला मोठं उत्तर लागतं त्याला मोठं दिलंय.

प्रश्न : मी सोलापूर-संभाजीनगर रूटवर ट्रॅव्हल्स चालवतो. बीडहून सोलापूरकडे निघालं की मांजरसुंब्याचा घाट चढतो, पण तो चढल्यावर उतार काही लागत नाही. चौसाळा, येरमाळा, येडशी, सगळं सपाटच. डोंगर ओलांडला की पलीकडं उतरायला पाहिजे ना? (बीड)

दादा, उतार आहे, पण तो तुमच्या गाडीला तुळजापूर सोडल्यावर लागतो. मांजरसुंब्याला चढलात आणि तुळजापूरच्या घाटात उतरलात, मधले शंभरेक किलोमीटर तुम्ही बालाघाटाच्या डोक्यावरून गाडी हाणत होतात. येरमाळ्याला चहाला थांबता ना, ते पण वरच आहे. धाराशिव शहर सुद्धा साधारण 650 मीटरवर आहे आणि सोलापूर 460 च्या आतच, म्हणून तर तुळजापूरनंतर कान जरा वेगळे वाटतात आणि उन्हाळ्यात सोलापूरचा झळा लागायला सुरुवात होते.

आता हे असं का ते सांगतो. आपण डोंगर म्हटलं की दोन बाजूंनी वर जाऊन मधे टोक असलेलं काहीतरी डोळ्यापुढे आणतो, हिमालय तसा आहे कारण तिथे जमिनीला दोन्हीकडून रेटा बसून ती वर उचलली गेली. बालाघाटाला कोणी उचललेलं नाही. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबलांब भेगांतून लाव्हा बाहेर आला, पसरला, थंड झाला, त्यावर पुन्हा आला, असे थरावर थर साचत गेले आणि अख्खा महाराष्ट्र जवळपास त्याखाली गेला. तेव्हा वरून बघितलं असतं तर एक मोठं सपाट पठार दिसलं असतं, डोंगर वगैरे काही नाही. मग नद्यांनी कोरायला घेतलं. उत्तरेला गोदावरी आणि तिच्या पोरी, दक्षिणेला भीमा आणि सीना. दोन भावांनी एकच भाकरी दोन बाजूंनी खायला घेतली आणि मधे जो पट्टा उरला तो बालाघाट. म्हणजे डोंगर वर आलेला नाही, आजूबाजूची जमीन खाली गेलीय. म्हणून त्याचा माथा सपाट आणि कडा उभ्या, घाट फक्त कडेला लागतो.

मांजरसुंब्याच्या घाटात जिथे रस्त्यासाठी कातळ कापलाय तिथे कधी गाडी बाजूला घेऊन बघा (वळणावर नको, पुढे जागा बघून). थर सरळ दिसतात. काळा एकसंध पाषाण असतो, त्याच्या खाली किंवा वर भोकंभोकं पडलेला, हाताने चुरगळणारा मांजऱ्या, त्यात पांढरे खडे चमकतात, आणि असे थर असतात तिथे दोघांच्या मधे कुठे कुठे लाल मातीची पट्टी सापडते. ती लाल पट्टी म्हणजे एक लाव्हा थंड होऊन पुढचा यायच्या आधी मधे जो काळ गेला त्यात वरचा दगड कुजून झालेली माती, वरून पुन्हा तापलेला रस पडला म्हणून ती भाजली गेली. कठीण थर टिकतो, मऊ थर लवकर झडतो, म्हणून डोंगराची कड पायऱ्यापायऱ्यांची दिसते. विहीर खोदणाऱ्या माणसाला हे सगळं आपल्यापेक्षा जास्त चांगलं माहीत असतं, कारण त्याची मजुरीच कुठला थर कुठे लागतो यावर ठरते.

प्रश्न : सर, आम्हाला भूगोलात हरिश्चंद्र-बालाघाट डोंगररांग आहे. पुस्तकात एक रेघ दाखवलीय फक्त. ही सगळी एकच रांग आहे का? आणि मध्य प्रदेशात पण बालाघाट आहे तो याच रांगेत येतो का? (बारावी, लातूर)

शेवटचं आधी सांगून टाकतो, मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा वेगळा, तो सातपुड्याच्या बाजूला, मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीवाला. आपल्या रांगेशी त्याचा संबंध नाही. गुगलवर बालाघाट टाकलं की आधी तोच येतो म्हणून बऱ्याच जणांचा गोंधळ होतो.

आता रेघ. महाराष्ट्रात सह्याद्रीपासून पूर्वेकडे तीन मोठ्या फांद्या निघतात, वर सातमाळा-अजिंठा, खाली शंभू महादेव, आणि मधली ही. सुरुवात हरिश्चंद्रगडापाशी, 1424 मीटर. तिथून आग्नेयेला निघाली की पुढे कर्नाटकच्या हद्दीपर्यंत जाते, बालाघाट म्हणतात तो भागच सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास लांब भरतो. उंची मात्र सारखी उतरत जाते, पाटोद्याच्या आसपास आठशे मीटर, तुळजापूरकडे साडेसहाशे, आणि शेवटी पाचशे-साडेपाचशेवर ती जमिनीतच मिसळून जाते. शेवट नेमका कुठल्या गावात असं विचारू नका, उमरग्याकडे गेलात तर आपण रांगेवर आहोत की रांग संपली हे उभं राहून कळत नाही.

एकच आहे का? नकाशावर एक, पण तिथल्या माणसाला विचारलं तर तो बालाघाट म्हणेलच असं नाही. आळेफाट्याहून घारगावकडे जाताना तुम्ही ही रांग ओलांडता, पुणे-नाशिक हायवेवरच्या किती जणांना ते माहीत असतं? जुन्नर-पारनेरच्या मधे आणे पठार म्हणतात. सुप्याजवळ कावड्या डोंगर, तोच पवनचक्क्यांवाला. नगर शहराच्या (आता अहिल्यानगर) उत्तरेला संभाजीनगर रोडवर इमामपूरचा घाट, पूर्वेला पाथर्डी रोडवर करंजीचा घाट, आणि त्या सगळ्या पट्ट्याला नाथपंथी लोक गर्भगिरी म्हणतात. मढीला कानिफनाथ, सावरगावच्या मायंब्याला मच्छिंद्रनाथ, नगरजवळ डोंगरगणच्या बाजूला गोरक्षनाथ गड, सगळे याच रांगेच्या अंगाखांद्यावर बसलेत. पुढे बीड जिल्ह्यात शिरलं की मग बालाघाट हे नाव लोकांच्या तोंडी येतं. इकडे गड म्हटलं की किल्लाच असेल असं समजू नका हां, भगवानगड, गहिनीनाथगड, नारायणगड ही सगळी संतांची ठिकाणं आहेत. किल्ला बघायचा तर धारूरला जा.

परीक्षेला लिहायचं एक महत्त्वाचं, बीड जिल्ह्यात या रांगेला दोन फाटे फुटतात. एक उत्तरेकडून अंबाजोगाई, परळी, अहमदपूर असा जातो, दुसरा दक्षिणेकडून भूम, येडशी, धाराशिव, तुळजापूर असा. आणि दोघांच्या मधल्या खोलगटातून मांजरा वाहते. तुमचं लातूर त्याच दोन फाट्यांच्या मधे आहे. पुस्तकातली एक रेघ म्हणूनच फसवी आहे, तिथे दोन रेघा पाहिजेत.

प्रश्न : आमचे आजोबा म्हणायचे, आपल्या माळावर पडलेला पाऊस एका बांधाच्या अलीकडं गंगेला जातो आणि पलीकडं चंद्रभागेला. हे खरं आहे की नुसतं म्हणायचं? (भूम तालुका)

खरं आहे ताई, आणि माझ्या मते बालाघाटाबद्दल कळायचं ते एवढंच आहे, बाकी उंची-लांबी सगळं नंतर. गंगा म्हणजे आपली गोदावरी, चंद्रभागा म्हणजे भीमा. भूमच्या पूर्वेचं पाणी मांजरेला मिळून गोदावरीत, पश्चिमेचं सीनेला मिळून भीमेत आणि तिथून कृष्णेत. तुमच्या आजोबांचा बांध म्हणजे दोन महानद्यांची हद्द आहे, फक्त तिथे कोणी बोर्ड लावलेला नाही.

याहून भारी गोष्ट शेजारच्या पाटोदा तालुक्यात आहे. त्या एका तालुक्याच्या डोंगरातून तीन नद्या तीन दिशांना निघतात. सिंदफणा उत्तरेला, ती शिरूर कासार, गेवराईच्या बाजूने जाऊन माजलगावचं धरण भरून मंजरथला गोदावरीत पडते. विंचरणा दक्षिणेला, सौताड्याला कड्यावरून उडी मारते, जामखेडला जाते आणि सीनेला मिळते. आणि मांजरा पूर्वेला, गवळवाडीच्या आसपास 823 मीटरवर उगम. आता बघा, सिंदफणेचं पाणी आणि मांजरेचं पाणी दोन्ही शेवटी गोदावरीतच जायचंय, पण सिंदफणा सरळ खाली उतरून जिल्ह्यातल्या जिल्ह्यात पोचते आणि मांजरा बाई डोंगराच्या माथ्यावरून चालत राहते, बीड-धाराशिवची हद्द करते, लातूर करते, कर्नाटकात बीदरला जाते, तेलंगणात सिंगूर आणि निजामसागर ही दोन धरणं भरते, मग वळून परत उत्तरेला येते आणि कंदकुर्तीला, म्हणजे नांदेड जिल्ह्याच्या अगदी सीमेवर, गोदावरीला भेटते. 724 किलोमीटरचा वळसा! पाटोद्यात दोन थेंब शेजारी शेजारी पडले तर एकाला गोदावरी गाठायला जिल्हा पुरतो आणि दुसऱ्याला तीन राज्यं लागतात.

आणि भीमेकडे गेलेला तिसरा थेंब? तो सीनेतून हत्तरसंग कुडलला भीमेत (जिथे 1018 सालचा मराठी शिलालेख सापडला तेच गाव), तिथून कर्नाटकात कृष्णेत, आणि आंध्रात हंसलदीवीला समुद्रात. गोदावरीचं एक मुख अंतर्वेदीला. दोन्ही नद्यांचे त्रिभुज प्रदेश एकमेकांना चिकटूनच आहेत, मधे कोल्लेरू तळं. म्हणजे भूमच्या बांधावर वेगळे झालेले थेंब अर्धा देश फिरून परत शेजारीच येऊन बसतात.

आता यातली कागदावरची बाजू. ही हद्द नुसती मजेची नाही, तिच्यावर पाण्याचे तंटे चालतात. आष्टी, भूम, परांडा, तुळजापूर यांचा मोठा भाग मराठवाड्यात असूनही कृष्णा खोऱ्यात येतो, म्हणून कृष्णेच्या पाण्यात आमचा वाटा आहे असं मराठवाडा म्हणतो आणि ते बरोबरच आहे. कृष्णा-मराठवाडा योजना त्यातूनच आली, उजनीचं पाणी पंपाने उचलून तुळजापूरच्या आणि आष्टीच्या बाजूला आणायचं. पंपाने का, तर तुम्ही वर आहात. उजनी खाली, तुम्ही डोंगरावर. दिसायला सपाट असलं तरी विजेचं बिल उंची बरोबर मोजतं.

प्रश्न : 2016 मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आलं तेव्हा मी दहावीत होतो. तेव्हापासून डोक्यात आहे, मांजरा एवढी मोठी नदी शेजारी असून लातूर कोरडं कसं पडलं? बालाघाट असून उपयोग काय? (लातूर)

मांजरा मोठी आहे ती लांबीने. पाणी देणारा उगमाकडचा भाग मात्र पाटोदा, केज, कळंब, वाशी हाच, आणि तो पडतो पर्जन्यछायेत. धनेगावचं मांजरा धरण त्या एवढ्याशा पावसावर भरायचं असतं आणि त्यातून लातूर, अंबाजोगाई, केज, कळंब एवढी शहरं पितात, वरून उसाला पाणी. लागोपाठ पाऊस बुडाला आणि धरण आटलं, एवढीच गोष्ट आहे.

पण त्या जलदूत गाडीची एक बाजू कोणी लिहिली नाही. मिरजेहून पाणी भरलं, म्हणजे कृष्णा खोऱ्यातलं. 12 एप्रिल 2016 ला पहिली गाडी लातूरला पोचली, दहा वाघिणी (मालगाडीचे डबे), पाच लाख लिटर. वाटेत पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, मग येडशीचा चढ चढून धाराशिव आणि पलीकडे लातूर. म्हणजे त्या गाडीने बालाघाट ओलांडून कृष्णेचं पाणी गोदावरीच्या खोऱ्यात नेऊन ओतलं, जे नद्यांनी कोट्यवधी वर्षांत होऊ दिलं नव्हतं. आणि ही वाट पण बघा कुठली, बार्शी लाइट रेल्वेची. 1897 ला कुर्डुवाडी-बार्शी नॅरो गेज सुरू झाली, 1911 पर्यंत लातूरला पोचली. सव्वाशे वर्षांपूर्वी ज्या रांगेवरून छोटं इंजिन धापा टाकत कापूस आणि धान्य खाली आणायचं तिथूनच पाण्याच्या टाक्या वर गेल्या. गेज बदललं, चढ तोच.

"असून उपयोग काय" याबद्दल जरा भांडतो तुमच्याशी. डोंगर पाणी धरतो, पण आपण धरू दिलं तर. बीडजवळ डोंगराच्या पायथ्याला खजाना विहीर आहे, सोळाव्या शतकातली, निजामशाहीच्या काळातली. तिला डोंगराकडून झिरपून येणारं पाणी मिळतं आणि भुयारी पाटांनी ते शेतापर्यंत नेलेलं आहे, आजूबाजूच्या बोअर आटल्या तरी तिची पातळी फारशी हलत नाही अशी तिची ख्याती आहे. वर माथ्यावर पडलेलं पाणी भेगांतून, मांजऱ्यातून खाली जातं, कठीण थर लागला की आडवं सरकतं आणि पायथ्याला निघतं, हे त्या काळच्या माणसाला ओळखता आलं होतं. रांगेच्या दुसऱ्या टोकाला पारनेरचं राळेगणसिद्धी आणि नगरजवळचं हिवरे बाजार. दोन्ही गावांनी तेच केलं, माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर, बांध, झाडं. हिवरे बाजारने तर शेतीसाठी बोअर मारायलाच बंदी घातली, मला विचाराल तर त्यांच्या सगळ्या कामात हेच सगळ्यात अवघड असणार, चर खोदायला श्रमदान मिळतं पण बोअर नको म्हणायला शेजाऱ्याशी वाईटपणा घ्यावा लागतो.

प्रश्न : सह्याद्री ढग अडवतो मग बालाघाट का अडवत नाही? आमच्या आष्टीने काय घोडं मारलंय? (आष्टी)

दोन कारणं. कोकणातून बघितलं तर सह्याद्री जवळपास समुद्रसपाटीपासून एकदम हजार-बाराशे मीटर उभा राहतो, वाऱ्याला वर चढल्याशिवाय गत्यंतर नसतं आणि वर गेला की थंड होऊन तो पाऊस टाकतो. बालाघाट खालच्या जमिनीपासून दोनशे-तीनशे मीटरच वर, बीड शहर 515 च्या आसपास आहे आणि माथा आठशेच्या आत-बाहेर. दुसरं म्हणजे वारा तुमच्याकडे येतो तोवर त्याची पिशवी आधीच रिकामी झालेली असते. तिसरं एक पण आहे, रांग वायव्य-आग्नेय अशी तिरकी जाते, आणि नैऋत्येचा वारा अडवायला ती दिशेने बरी आहे खरं तर, पण उंचीच नाही तर दिशेचं काय करायचं.

म्हणून हरिश्चंद्रगडाला धो धो आणि त्याच रांगेवर आष्टी-पाटोद्याला सहाशे मिलिमीटरच्या आसपास. पूर्वेला लातूरकडे पुन्हा थोडा वाढतो कारण बंगालच्या उपसागरातून येणारे कमी दाबाचे पट्टे तिकडून येतात, म्हणून तुमच्याकडे सप्टेंबरचा परतीचा पाऊस जीव की प्राण. तोच कधी अंगावर पण येतो. 2025 च्या सप्टेंबरात काय झालं ते भूम-परांड्याच्या आणि सीनाकाठच्या लोकांना सांगायला नको. माथ्यावर माती पातळ, झाड कमी, एकदम पडलं की पाणी थांबायला जागाच नाही, सगळं एका रात्रीत सीनेत.

पातळ मातीवरून आठवलं, एका वाचकाने विचारलंय की ऊसतोड कामगार एवढे बालाघाटातूनच का. पाटोदा, आष्टी, शिरूर, धारूर, वडवणी, पाथर्डी ही नावं नकाशावर लावा, रांगेची आकृती तयार होते. खाली गंगथडीला काळी, खोल जमीन आणि कालव्याचं पाणी, वर मुरमाड माळ, बाजरी-तूर एकदा निघाली की शेतात काम नाही. दिवाळी झाली की कोयता घेऊन निघायचं ते उन्हाळ्यापर्यंत. आता यात जमिनीचा दोष किती आणि पाणी कुणाला दिलं त्याचा किती, यावर वेगळा अंक लागेल. माझं मत विचाराल तर निम्म्याहून जास्त पाणी कुणाला दिलं त्याचा.

प्रश्न : किल्लारीचा भूकंप बालाघाटामुळे झाला असं आमच्याकडे म्हणतात. (औसा)

नाही. 30 सप्टेंबर 1993 चा भूकंप 6.2 तीव्रतेचा, तेरणेकाठी, जवळपास दहा हजार माणसं गेली. तो झाला लाव्ह्याच्या थरांच्या खाली, जुन्या खडकातल्या भेगेत. वर डोंगर आहे की सपाट माती, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. माणसं एवढी गेली ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद अंगावर आल्याने, पहाटे सगळे झोपेत असताना.

प्रश्न : येडशीला वाघ आला होता म्हणे, खरंच का? इथं जंगल तरी कुठं राहिलंय? (बार्शी)

आला होता. 2024 च्या डिसेंबरात येडशी रामलिंगघाट अभयारण्याच्या कॅमेऱ्यात दिसला, यवतमाळच्या टिपेश्वरहून आलेला, मधलं अंतर साडेचारशे किलोमीटरच्या पुढं. अभयारण्य केवढं, तर 22 चौरस किलोमीटर आणि थोडं वर, विदर्भातल्या वाघाला सकाळचं फिरणं सुद्धा पुरायचं नाही. बार्शीच्या बाजूला लोकांची जनावरं मारली गेली तेव्हा कोणाला कौतुक वाटलं नाही, आणि वाटावं असंही नाही. पण एवढा लांब तो शेतं, रस्ते, गावं टाळत आला तो उगाच नाही, ओढे, झुडपांचे माळ, डोंगराची कड असं काहीतरी आडोशाला मिळत गेलं असणार. नांगर न लागणारी तिरकी जमीन एवढंच आता जंगल उरलंय आणि ते कडेकडेने आहे, म्हणून सॅटेलाइट व्ह्यूमधे बघा, बालाघाटाच्या कडा हिरव्या दिसतात आणि माथा मातकट.

बाकी मोर बघायचे तर पाटोद्याजवळ नायगाव मयूर अभयारण्य आहे. आणि सीताफळ! त्याला माती नको, पाणी नको, दगडाच्या फटीत उगवतं, शेळी तोंड लावत नाही. बीडच्या सीताफळाला 2016 मधे भौगोलिक मानांकन मिळालं. ऑक्टोबरमधे धारूरच्या घाटात पाट्या घेऊन बायका बसतात तिथे घ्या, डोळे उघडलेलं पण कडक असं फळ निवडा, दोन दिवस धान्यात ठेवा. शहरातल्या मॉलमधलं मोठं गुळगुळीत असतं ते वेगळं, चव विचारू नका.

प्रश्न : पावसाळ्यात मुलांना घेऊन दोन दिवसांत बालाघाटात काय बघता येईल? (पुणे)

नगरमार्गे या, जामखेडला जेवा, पुढे बीड रस्त्यावर सौताडा. रामेश्वराचं मंदिर खाली दरीत आणि विंचरणा समोर सत्तरेक मीटरवरून पडते. वर कठड्यापासून पण दिसतं, पण मुलांना खाली न्या, थर खालून बघितले की पुस्तकातलं सगळं एका नजरेत कळतं. पायऱ्यांवर शेवाळ असतं, चपला नकोत, बूट घाला, आणि धारेखाली उभं राहून रील काढणाऱ्यांच्या नादी लागू नका, वरून दगड येतात. धबधबा जोरात असतो तो मोठा पाऊस झाल्यावर तीन-चार दिवस, त्यामुळे जुलैपेक्षा ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबर बरा.

मुक्काम बीडला. दुसऱ्या दिवशी सकाळी खजाना विहीर, पालीचं बिंदुसरा धरण (भरलं असेल तर चादर बघायला अर्धं बीड तिथं असतं, गाडी लांब लावा), मग मांजरसुंब्याचा घाट आणि तिथून आत कपिलधार, मन्मथस्वामींची समाधी आणि शेजारी धबधबा. वेळ उरला तर हायवेने खाली येडशीला या, रामलिंगला. मंदिर झाडीत आहे, माकडं हातातली पिशवी ओढतात, आणि श्रावणी सोमवारी जाऊ नका, पार्किंगपासूनच रांग लागते. येताना बार्शीमार्गे कुर्डुवाडी, टेंभुर्णी करून पुण्याला निघालात की येडशी सोडल्यावर लगेच उतार लागेल. ब्रेक चेक करून घ्या.